होळकर संघ : राज्य गेले, नाव गेले, मागे काय उरले?

१/
२६ जून २०२२. बंगळुरूच्या चिन्नास्वामी मैदानावर मध्य प्रदेशने मुंबईला सहा गडी राखून हरवले आणि रणजी करंडक जिंकला. बातम्यांत एक शब्द ठळक होता : 'पहिल्यांदा'. नोंदवहीपुरता तो बरोबरच आहे. पण मध्य प्रदेशच्या क्रिकेटचे केंद्र असलेल्या इंदूर शहराने हा करंडक त्याआधी चार वेळा जिंकलेला होता. त्या संघाचे नाव होते होळकर. आजचा धागा त्या संघाविषयी.

२/
होळकर संघ १९४१-४२ ते १९५४-५५ असे चौदा हंगाम रणजी स्पर्धेत खेळला. त्यांत दहा वेळा त्याने अंतिम सामना गाठला आणि चार वेळा करंडक जिंकला. एका संस्थानाच्या नावाने खेळणाऱ्या संघाची ही कामगिरी आहे. त्या काळात मुंबईला वारंवार आव्हान देणारे जे मोजके संघ होते, त्यांत होळकरांचे स्थान वरचे. तरीही १९५५ नंतर हे नाव स्पर्धेतून पुसले गेले. संघ हरत होता म्हणून नव्हे. शेवटच्या हंगामातही तो अंतिम सामन्यातच होता.

३/
इंदूर सातारा-सांगलीपासून फार लांब आहे, हे खरे. पण ही कथा आपल्या कृष्णा-पंचगंगेच्या काठाशी अनेक धाग्यांनी बांधलेली आहे. होळकर संघाचा एक आधारस्तंभ कोल्हापूरचा होता. त्या संघाचा सर्वांत मोठा पराभव घडवणाऱ्या दोन फलंदाजांपैकी एक सांगलीत जन्मला होता. आजच्या तरुणांना सी. के. नायडू, सय्यद मुश्ताक अली आणि विजय हजारे ही नावे प्रामुख्याने स्पर्धांची नावे म्हणून ठाऊक असतात. ती तिन्ही माणसे या कथेत आहेत.

४/
थोडी पार्श्वभूमी. जानेवारी १८१८ मध्ये मंदसौरचा तह झाला आणि होळकरांचे राज्य इंग्रजांच्या मांडलिकीत गेले. इंदूर राजधानी झाली आणि जवळच महू येथे इंग्रजांची छावणी वसली. छावणी आली की मैदान येते आणि मैदानाबरोबर क्रिकेट. माळव्यातील मराठी दरबार आणि शेजारची इंग्रज छावणी, या दोहोंमध्ये इंदूरचे क्रिकेट वाढले. पुढे एका निर्णायक सामन्यात याच महूहून एक इंग्रज सैनिक होळकरांकडून खेळायला येणार होता.

५/
या कथेचा नायक मात्र इंदूरचा नव्हता. कोट्टारी कनकैया नायडू ३१ ऑक्टोबर १८९५ रोजी नागपुरात एका तेलुगू कुटुंबात जन्मले. १९२३ साली तुकोजीराव होळकर (तिसरे) यांनी त्यांना इंदूरला बोलावून आपल्या सैन्यात अधिकारपद दिले. तीन वर्षांनी, १ डिसेंबर १९२६ रोजी मुंबईच्या जिमखाना मैदानावर नायडूंनी एमसीसीच्या संघाविरुद्ध १५३ धावा केल्या. त्यांत अकरा षटकार होते. १९३२ साली लॉर्ड्सवर भारत पहिला कसोटी सामना खेळला, तेव्हा कर्णधार तेच होते.

६/
'सैन्यात अधिकारपद' या शब्दांपाशी थोडे थांबावे लागेल. त्या काळी भारतीय खेळाडूला क्रिकेटमधून उपजीविका मिळत नव्हती. पोट भरायचे तर नोकरी हवी, आणि सामन्यांसाठी आठवडेच्या आठवडे रजा देणारा धनीही हवा. संस्थानिकांनी ही अडचण सोडवली. खेळाडूला सैन्यात, पोलिसात किंवा दरबारच्या एखाद्या खात्यात हुद्दा मिळे; त्याचे खरे काम मैदानावर असे. पैलवानाला खुराक आणि गवयाला मानधन देणाऱ्या राजाश्रयाचीच ही नवी तऱ्हा होती. कोल्हापूरकरांना ती परकी वाटू नये.

७/
१९२६ साली तुकोजीराव गादीवरून पायउतार झाले आणि यशवंतराव (दुसरे) राजे झाले. हा तरुण राजा आधुनिक अभिरुचीचा होता. जर्मन वास्तुरचनाकार एकार्ट मुथेसिउस यांच्याकडून त्याने इंदुरात माणिकबाग राजवाडा बांधून घेतला. क्रिकेटला मिळणारा आश्रय त्यानेही चालू ठेवला. १९३४-३५ मध्ये रणजी स्पर्धा सुरू झाली तेव्हा या भागाचा संघ 'मध्य भारत एजन्सी', म्हणजे 'सेंट्रल इंडिया', या नावाने उतरत असे. १९४१-४२ पासून मैदानावर थेट 'होळकर' हे नाव आले.

८/
त्या वेळी मुंबईत सर्वांत जास्त गर्दी खेचणारी स्पर्धा रणजी नव्हती, पंचरंगी होती. तीत संघ धर्मावर बेतलेले असत : हिंदू, मुसलमान, पारशी, युरोपियन आणि उरलेल्यांचा 'रेस्ट'. ख्रिस्ती विजय हजारे 'रेस्ट'कडून खेळत. १९४३-४४ च्या अंतिम सामन्यात संघाच्या ३८७ धावांपैकी ३०९ एकट्या हजारेंच्या होत्या, तरी 'रेस्ट' हरले. दहा जणांचा भार एका माणसाने वाहावा, हे त्या रचनेचे उत्तम चित्र आहे.

९/
होळकर संघात ही विभागणी नव्हती. कर्णधार नागपूरचा तेलुगू, सलामीवीर इंदूरचा मुसलमान. सोबतीला चंदू सरवटे, कमल भांडारकर, माधवसिंग जगदाळे, भाऊसाहेब निंबाळकर, हिरालाल गायकवाड असे खेळाडू. यामागे कोणता मोठा सिद्धान्त होता असे मानण्याचे कारण नाही. राजाला जिंकणारा संघ हवा होता आणि जिंकण्यासाठी उत्तम खेळाडू हवे होते. पण परिणाम पाहा : मुंबईत प्रेक्षक धर्मानुसार टाळ्या वाजवत असताना इंदूरचे लोक एकाच संघासाठी वाजवत होते.

१०/
सय्यद मुश्ताक अली १७ डिसेंबर १९१४ रोजी इंदुरातच जन्मले. नायडू इंदूरला आले तेव्हा ते लहान होते; पुढे त्यांची गुणवत्ता हेरून त्यांना घडवले ते नायडूंनीच. १९३६ साली मँचेस्टरला विजय मर्चंट यांच्याबरोबर त्यांनी २०३ धावांची सलामी दिली आणि ११२ धावा केल्या. परदेशात कसोटी शतक करणारे ते पहिले भारतीय. राजाश्रयाचा हा फारसा न मोजला जाणारा लाभ आहे : बाहेरून आणलेला एक मोठा खेळाडू गावातल्या मुलांसाठी शाळा ठरतो.

११/
१९४४-४५ चा अंतिम सामना, ब्रेबॉर्न मैदान, प्रतिस्पर्धी मुंबई. मुंबईने ४६२ आणि ७६४ धावा केल्या. होळकरांनी ३६० आणि ४९२. एका सामन्यात २०७८ धावा! मर्चंट यांच्या २७८. मुश्ताक अलींची दोन्ही डावांत शतके. आणि होळकरांच्या दुसऱ्या डावात नाबाद २४९ धावा करणारा फलंदाज होता डेनिस कॉम्प्टन. महूच्या छावणीत नेमणुकीस असलेला तो इंग्रज सैनिक हाच. होळकर ३७४ धावांनी हरले.

१२/
कॉम्प्टनच्या त्या खेळीची एक गोष्ट सांगितली जाते. एका धनिकाने त्याला शंभरीनंतरच्या प्रत्येक धावेमागे रोख बक्षीस कबूल केले होते म्हणे. खेळी संपल्यावर मात्र तातडीच्या कामासाठी बाहेरगावी जात असल्याची चिठ्ठी तेवढी हाती आली. खरेखोटे ठरवणे कठीण. त्याच सामन्यातला धावफलक मात्र निर्विवाद आहे : होळकरांच्या सी. एस. नायडूंनी दोन डावांत मिळून ९१७ चेंडू टाकले. म्हणजे १५२ षटके आणि ५ चेंडू. ४२८ धावांत ११ बळी. सी. एस. हे सी. के. यांचे धाकटे भाऊ.

१३/
पुढच्याच हंगामात उपांत्य सामन्यात म्हैसूरची गाठ पडली. होळकरांनी ८ बाद ९१२ धावांवर डाव घोषित केला. भांडारकर १४२, सरवटे १०१, जगदाळे १६४, सी. के. नायडू १०१, निंबाळकर १७२, प्रताप सिंग १००. एका डावात सहा शतके! प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये तोवर असे कधी घडले नव्हते. म्हैसूरनेही दुसऱ्या डावात ५०९ धावा काढून झुंज दिली, पण एक डाव आणि २१३ धावांनी ते हरले.

१४/
अंतिम सामन्यात समोर बडोदा. वयाची पन्नाशी गाठलेल्या सी. के. नायडूंनी २०० धावा केल्या. प्रथम श्रेणी सामन्यांतली त्यांची ही सर्वोच्च खेळी. तारुण्यात ज्या माणसाने अकरा षटकार मारले, त्याने आपली सर्वांत मोठी धावसंख्या पन्नाशीत उभारली. होळकर ५६ धावांनी जिंकले आणि करंडक प्रथमच इंदूरला आला. वर्ष होते १९४६. साम्राज्याचा सूर्य कलत होता. संस्थानांचे काय होणार, हा प्रश्न सर्वत्र चर्चेत होता.

१५/
बडोद्याने वर्षभरातच परतफेड केली. मार्च १९४७, अंतिम सामना, बडोदा. ३ बाद ९१ अशा स्थितीत विजय हजारे आणि गुल महंमद एकत्र आले आणि त्यांनी ५७७ धावांची भागी रचली. हजारे २८८, गुल महंमद ३१९. होळकर एक डाव आणि ४०९ धावांनी हरले. कोणत्याही गड्यासाठीची सर्वांत मोठी भागी म्हणून हा विक्रम २००६ पर्यंत, म्हणजे एकोणसाठ वर्षे टिकला. फाळणीला तेव्हा पाच महिने उरले होते. त्या भागीतले गुल महंमद पुढे पाकिस्तानकडूनही कसोटी खेळले.

१६/
हजारे ११ मार्च १९१५ रोजी सांगलीत एका शिक्षकाच्या घरी जन्मले. तेही महाराष्ट्राकडून खेळले होते. १९३९-४० मध्ये पुण्यात बडोद्याविरुद्ध त्यांनी नाबाद ३१६ धावा केल्या. रणजीतले ते पहिले त्रिशतक. पण पुढे त्यांना आश्रय मिळाला तो ज्या संघाविरुद्ध त्यांनी त्या धावा केल्या, त्याच बडोद्याचा. सांगलीचा मुलगा बडोद्याला, कोल्हापूरचा इंदूरला : गुण इथे जन्माला येत होते, पण ते पोसण्याची ऐपत मोठ्या दरबारांकडे होती.

१७/
१९४७-४८ मध्ये होळकरांनी इंदुरात मुंबईला नऊ गडी राखून हरवले. दुसरे विजेतेपद. आणि त्यानंतर लगेच, २८ मे १९४८ रोजी, होळकर राज्य नव्या मध्यभारत संघराज्यात विलीन झाले. मल्हाररावांपासून चालत आलेली सत्ता संपली. ज्या राज्याच्या नावाने संघ खेळत होता, ते राज्यच उरले नाही. तर्काने पाहता संघाने येथेच संपायला हवे होते.

१८/
पण तसे झाले नाही. १९५०-५१ मध्ये होळकरांनी गुजरातला १८९ धावांनी हरवून तिसऱ्यांदा करंडक जिंकला. १९५२-५३ मध्ये कलकत्त्यात बंगालवर पहिल्या डावातील आघाडीच्या जोरावर चौथ्यांदा. हिशेब मांडून पाहा : चार विजेतेपदांपैकी दोन राज्य असतानाची आणि दोन राज्य गेल्यानंतरची. संघ केवळ राजाचा असता तर ही शेवटची दोन मिळाली नसती. नायडूंच्या नेतृत्वाखाली १९४४-४५ ते १९५२-५३ या नऊ हंगामांत संघ आठ वेळा अंतिम सामन्यात गेला.

१९/
या काळातला एक प्रसंग वारंवार सांगितला जातो. १९५१-५२ चा मुंबईविरुद्धचा अंतिम सामना. कोल्हापुरात जन्मलेल्या दत्तू फडकरांचा उसळता चेंडू नायडूंच्या तोंडावर आदळला आणि दात तुटले. छप्पन्न वर्षांच्या नायडूंनी तुटलेले दात खेळपट्टीवरून बॅटने बाजूला सारले आणि फलंदाजी पुढे चालू ठेवली. तो सामना मुंबईने ५३१ धावांनी जिंकला. इतका दारुण पराभव होऊनही लोकांच्या आठवणीत राहिले ते दात, धावसंख्या नव्हे.

२०/
निंबाळकरांचीही आठवण येथेच करायला हवी. होळकरांच्या त्या सहा शतकांपैकी सर्वांत मोठे त्यांचे. डिसेंबर १९४८ मध्ये महाराष्ट्राकडून खेळताना पुण्यात त्यांनी काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा केल्या. डॉन ब्रॅडमन यांचा नाबाद ४५२ चा विश्वविक्रम अवघ्या नऊ धावा दूर होता. पण राजकोटचे ठाकूरसाहेब कर्णधार असलेल्या काठियावाडने पुढे खेळायला नकार देऊन सामना सोडून दिला. राजाश्रयाने खेळ घडवला, आणि एका संस्थानिकाच्या मानापमानाने एक विक्रम अडवला. निंबाळकरांना भारताकडून एकही कसोटी खेळायला मिळाली नाही. २०१२ साली ते कोल्हापुरात निवर्तले.

२१/
शेवट १९५४-५५ मध्ये आला. इंदुरात मद्रासविरुद्ध अंतिम सामना. होळकर ४६ धावांनी हरले. पुढच्या हंगामात संघ 'मध्यभारत' या नावाने उतरला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचना झाली, मध्यभारत नव्या मध्य प्रदेशात मिसळला आणि यथाकाल संघाचे नावही 'मध्य प्रदेश' झाले. पुढची अनेक दशके या संघाला अंतिम सामना दिसला नाही. तो दिसला थेट १९९८-९९ मध्ये, आणि तेव्हाही कर्नाटकाकडून पराभवच आला.

२२/
मग बडोद्याचे नाव कसे टिकले? कारण साधे आहे. 'बडोदा' हे शहराचेही नाव होते. राजा गेला तरी शहर उरले. 'होळकर' हे मात्र घराण्याचे नाव. प्रजासत्ताकात घराण्याच्या नावाने संघ फार काळ चालणे शक्य नव्हते, आणि तसे चालू नये असे मानणाऱ्यांचा युक्तिवादही बळकट होता. हा संघ 'इंदूर' या नावाने नोंदला गेला असता, तर कदाचित आजही गुणतक्त्यात दिसला असता.

२३/
येथे दुसरी बाजू सांगणे इतिहासाच्या दृष्टीने आवश्यक आहे. संस्थानाचा खजिना म्हणजे रयतेने भरलेला सारा. इंदूर राज्यात प्रजामंडळ जबाबदार राज्यपद्धतीची मागणी करत होते, त्याच काळात खेळाडूंना सैन्यातले हुद्दे मिळत होते. ज्यांच्या पैशावर संघ उभा राहिला त्यांना संघाबद्दल कोणी विचारले नव्हते. म्हणून या कथेकडे केवळ हळहळीने पाहू नये. आश्रय खरा होता, त्याचे फळही खरे होते. पण त्याची किंमत कोणी मोजली, हेही तितकेच खरे आहे.

२४/
मग मागे काय उरले? माणसे उरली. नायडू १९६७ साली इंदुरातच निवर्तले, मुश्ताक अली २००५ साली. सरवटेही अखेरपर्यंत इंदूरकर होते. १९४६ च्या इंग्लंड दौऱ्यात सरेविरुद्ध शूट बॅनर्जींबरोबर शेवटच्या गड्यासाठी २४९ धावा जोडणारे सरवटे ते हेच. माधवसिंग जगदाळे यांचे पुत्र संजय जगदाळे मध्य प्रदेशकडून खेळले आणि पुढे भारतीय क्रिकेट नियामक मंडळाचे सचिव झाले. २०१० मध्ये इंदूरच्या मैदानाला 'होळकर स्टेडियम' हे नाव मिळाले. संघाचे गेलेले नाव मैदानाला लाभले.

२५/
आता पुन्हा २०२२ कडे. त्या विजयी संघाचे प्रशिक्षक होते मुंबईचे चंद्रकांत पंडित. १९९८-९९ च्या हरलेल्या अंतिम सामन्यात, याच चिन्नास्वामी मैदानावर, मध्य प्रदेशचे कर्णधार तेच होते. अंतिम सामन्यात १२२ धावा करणारा रजत पाटीदार इंदूरचा. बाहेरून आलेला जाणता गुरू आणि इंदूरचा मुलगा : १९२३ साली जी घडी बसली, तीच जवळजवळ शंभर वर्षांनी पुन्हा फळाला आली. फरक एवढाच की या वेळी मध्ये राजा नव्हता.

२६/
तर मग ते विजेतेपद पहिले की पाचवे? मध्य प्रदेश या नावाचे पहिले. इंदूर या शहराचे पाचवे. दोन्ही उत्तरे खरी आहेत आणि इतिहास लिहिणाऱ्याने दोन्ही लिहायला हवीत. कोयनाकाठच्या वाचकांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. शिवसागर जलाशयाखाली गेलेल्या गावांची माणसे दुसरीकडे वसली. सरकारी कागदावर गाव नवे झाले, पण माणसे आपल्या गावाचा इतिहास स्थलांतराच्या सालापासून मोजत नाहीत.

२७/
एक विनंती. पुढच्या वेळी सी. के. नायडू करंडक, मुश्ताक अली करंडक किंवा विजय हजारे करंडक यांच्या बातम्या वाचाल तेव्हा क्षणभर थांबा. नायडू आणि मुश्ताक अली एका संघाचे, हजारे त्याच संघाला सर्वांत मोठा पराभव देणारे. तो संघ आज अस्तित्वात नाही, पण देशांतर्गत क्रिकेटचा हंगाम अजून त्यांच्याच नावांनी चालतो. धागा समाप्त. आपल्या भागातील जुन्या संघांच्या आठवणी, धावफलक, छायाचित्रे घरात असतील तर जपून ठेवा. संघाचे नाव पुसले गेले की पुरावा म्हणून तेवढेच उरते.